चपलेची करकर आणि फिग्मातलं सोंग: चप्पल लाईनमधल्या एका टॅबचं प्रकरण

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एका जुन्या दुकानाला गल्ल्याशेजारी ठेवायला टॅब हवा होता. मागणी साधी होती. गिऱ्हाईक बसलंय, पोऱ्या आतून मापाचा जोड शोधतोय, तेवढ्या वेळात त्या माणसानं टॅबवर कापशी, पुकरी, बक्कलनाळी असे प्रकार बघावेत, चप्पल घडते कशी ते बघावं आणि तिची करकर ऐकावी. मालकांचा सगळा जोर या शेवटच्या गोष्टीवर. "नक्षी काय, फोटोत दिसतीच. पण निम्मं गिऱ्हाईक आवाजासाठी घेतंय हो."

ही गरज अचानक उपटलेली नव्हती. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्या आणि त्यावरून गदारोळ झाला. तेव्हापासून दुकानात येणारे, त्यातही नवरात्रात अंबाबाईला आलेले बाहेरगावचे लोक, एकच प्रश्न विचारू लागले: हे खरंच हातानं होतं का? महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या नावावर असलेलं भौगोलिक मानांकन, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, वादीनं घातलेली शिवण, हे दिवसातून दहा जणांना सांगून मालक कंटाळले होते.

आमच्याकडे काम आलं ते एवढंच: फिग्मात, म्हणजे ॲपचे पडदे आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पडदे मांडायचे, दुकानात हाताळून बघता येईल असा प्रोटोटाइप करायचा आणि ॲप बांधणाऱ्या पुण्यातल्या डेव्हलपर मुलीकडे सगळं हवाली करायचं. बटणं, रंग, टाइप यात फार वेळ गेला नाही. अक्षराला मुक्ता हा फॉन्ट घेतला आणि मात्रा-वेलांट्या कापल्या जाऊ नयेत म्हणून ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सैल ठेवलं. घोळ झाला तो फोटो, आवाज आणि चित्रफितींत. प्रत्येक ठिकाणी एकच गाठ पुन्हापुन्हा बसत होती. एखादी गोष्ट फिग्माला जमत नाही म्हणून आपण काहीतरी जुगाड करतो, तिचं सोंग आणतो. तो जुगाड मालकाला खरा वाटतो, डेव्हलपरला नियम वाटतो आणि महिनाभरानं तो तसाच्या तसा ॲपमध्ये येऊन बसतो. हे टाळायला आम्ही काय केलं, त्याचीच ही नोंद आहे.

फोटो: रंग कुणाचा?

फोटो मालकांच्या पुतण्यानं फोनवर काढून ठेवले होते. चांगले होते, नेटके होते, फक्त दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेले. टॅबवर पहिला पडदा दाखवला तेव्हा मालकांनी शेल्फवरची चप्पल उचलून टॅबला टेकवली. "हा रंग आमचा नाहीच. हा तर विटकरी झालाय." शेजारी धरल्यावर कुणालाही दिसत होतं. त्यांच्या नैसर्गिक कातड्याचा रंग कोवळ्या गुळासारखा, पडद्यावरचा भाजलेल्या विटेकडे झुकलेला.

इथे फिग्मा एक सोपी वाट दाखवतो. फिग्मात चित्र हे आकारात भरलेला रंगच असतं, आणि त्या भरणीला उजेड, गडद-फिकेपणा, तापमान, छटा यांच्या पट्ट्या असतात. तापमान थोडं थंडाकडे सरकवलं की दोन मिनिटांत रंग जागेवर. आम्ही तो मोह टाळला, आणि त्याचं कारण हवाली करण्यात आहे. त्या पट्ट्यांनी मूळ फाइल बदलत नाही, बदल फक्त त्या भरणीवर बसतो. थर (लेयर) एक्स्पोर्ट केला तर बदल सोबत येतो. पण डेव्हलपरनं तपासणीच्या पॅनेलमधून मूळ चित्र उतरवलं तर तिच्या हाती पुन्हा विटकरीच चप्पल लागणार. कापाकापीचंही तसंच. फिग्मातलं क्रॉप मूळ चित्राला हात लावत नाही, नको असलेला भाग फक्त झाकला जातो.

म्हणून फोटो नव्यानं काढायला लावले. दुकानाबाहेर सकाळच्या सावलीत, चपलेशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून, त्या कागदावरून व्हाइट बॅलन्स साधून, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल धरून. पुतण्याचा आयफोन डिस्प्ले पी३ या रुंद रंगपट्टीत फोटो काढतो आणि टॅबचा पडदा तेवढे रंग दाखवेल याची खात्री नाही. त्यामुळे सगळे फोटो एसआरजीबी या नेहमीच्या, अरुंद रंगपट्टीत आणूनच फिग्मात टाकले. मग तेच केलं जे मालकांनी केलं होतं: खरी चप्पल टॅबला टेकवून, दुकानातल्याच उजेडात, प्रत्येक प्रकार तपासला. आमच्या ऑफिसातल्या मॉनिटरवर कसं दिसतं याला इथे काडीची किंमत नव्हती.

एक अडचण मात्र फोटोनं सुटणारी नव्हती. वनस्पतीजन्य पद्धतीनं कमावलेलं कातडं वापरानं आणि तेलानं गडद होत जातं. फोटो नव्या जोडाचा. चार महिन्यांनी तो जोड फोटोसारखा दिसणार नाही आणि गिऱ्हाईक म्हणणार, फसवलं. यावर तोड मालकांनीच काढली. स्वतःच्या पायातला झिजलेला जोड काढून म्हणाले, "ह्याचापण फोटो घ्या." आता प्रत्येक प्रकाराच्या पडद्यावर दोन फोटो आहेत, नवा आणि वापरलेला. माझ्या मते सबंध टॅबमधला सगळ्यात उपयोगी पडदा तोच.

फोटोंच्या वजनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमच्याकडे हे फार सैलपणे घेतलं जातं. फिग्मा ४०९६ पिक्सेलपेक्षा मोठं चित्र आपणहून आक्रसतो. म्हणजे ५० मेगापिक्सेलचा फोटो टाकून शिवणीचा टाका न् टाका दिसेल ही आशा फोल. दुसऱ्या बाजूनं, ४०९६ बाय ३०७२ चा फोटो फाइल म्हणून तीन-चार एमबीचा असला तरी मेमरीत उलगडला की पिक्सेलमागे चार बाइट धरून जवळपास ५० एमबी होतो. ब्राउझरमध्ये उघडलेल्या फिग्माच्या एका टॅबला मेमरीची मर्यादा २ जीबीची. असे चाळीस फोटो एका फाइलमध्ये उलगडले की हिशेब तिथेच संपला. दुकानातल्या टॅबचा पडदा १९२० बाय १२००, घनता दीडपट (फिग्मातल्या एका पिक्सेलला पडद्यावरचे दीड), म्हणून फिग्मातली फ्रेम, म्हणजे एका पडद्याची चौकट, १२८० बाय ८०० ची. यादीतल्या चौकटीत फोटो ३०० पिक्सेल रुंद, म्हणजे दीडपटीनं ४५० पिक्सेल पुरे. मोठे फोटो फक्त जवळून बघायच्या पडद्यावर ठेवले.

जवळून बघण्यातच पहिलं उघड सोंग आलं. लोक फोटो दिसला की दोन बोटं फाकवतात, आणि फिग्माच्या प्रोटोटाइपला ही खूण ट्रिगर म्हणून, म्हणजे कृती सुरू करणारा इशारा म्हणून, देता येत नाही. आम्ही टिचकी मारली की मोठा फोटो असलेली दुसरी फ्रेम उघडावी आणि ती चारी बाजूंना सरकवता यावी अशी सोय केली. बघायला ठीक. पण ॲपमध्ये हे असं अजिबात नको होतं. तेव्हा त्या थराच्या नावापुढे आम्ही लिहिलं: "सोंग".

आवाज: फिग्माला ऐकू येत नाही

फिग्मात आवाजाची फाइल घेताच येत नाही. चित्र येतं, गिफ येतं, सशुल्क योजनेत १०० एमबीपर्यंतची चित्रफीत येते. पण नुसता आवाज नाही. मालकांना हे सांगितलं तेव्हा ते हसलेच. "बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला. आणि तुम्हाला आवाज लावता येईना?"

वाट आहे, आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आवाजाला एका स्थिर चित्राची सोबत देऊन त्याची एमपी४ चित्रफीत करायची, ती बटणामागे लपवायची आणि बटणावर टिचकी मारली की चित्रफीत चालू करायची. गोम बारीकसारीक गोष्टींत आहे. नुसतं "चालू-थांबा" दिलं तर दुसऱ्या टिचकीला आवाज मध्येच तुटतो. लोकांची, विशेषतः पोरांची, अपेक्षा असते की जितक्यांदा दाबू तितक्यांदा पहिल्यापासून वाजावं. म्हणून एकाच टिचकीवर दोन कृती लावल्या: आधी वेळ शून्यावर आणा, मग चालू करा. पडदा बदलताना चित्रफितीची स्थिती पुसायची की राखायची हेही प्रत्येक जोडणीवर ठरवावं लागतं. नाहीतर माणूस परत येतो आणि आवाज अर्ध्या पावलापासून सुरू होतो.

पण खरी मेहनत फिग्माच्या बाहेर होती. आवाज धरायचा कसा?

पहिलं ध्वनिमुद्रण पुतण्यानं फोनवर केलं. ते ऐकलं तर पावलं ऐकू येत होती, मागे रिक्षाचा हॉर्न होता, आणि करकर जवळपास गायब. फोन खराब नव्हता. त्यातली आवाजाची सफाई माणसाच्या बोलण्याला जपते आणि बाकीच्या खरखरीला कचरा समजून काढून टाकते. आपल्याला हवा होता तोच कचरा. सफाई बंद करता येईल असं रेकॉर्डिंगचं ॲप घेतलं, आणि सुभाषनगरात दुकानाचे जोड घडवणाऱ्या मामांच्या घरी दुपारी, रस्ता जरा निवांत असताना, गेलो. मामांनी कापशीचा नवा जोड पायात घातला आणि फरशीवरून चालू लागले. चार पावलं टाकून थांबले, म्हणाले, "असं न्हवं. भार टाचेवर द्याला पायजे." मग भार देऊन चालले, आणि कर्र-कर्र असा आवाज खोलीभर घुमला. फोन आम्ही जमिनीपासून वीतभर उंचीवर, चालण्याच्या रेषेच्या बाजूला धरला होता. अगदी समोर ठेवला की पाऊल आदळल्याचा धपका करकरीवर चढत होता.

हेडफोनवर हा आवाज सुरेख वाटला. दुकानात नेला आणि काहीच ऐकू येईना. संध्याकाळची वेळ, रस्त्यावर वर्दळ, आत घासाघीस चाललेली. आवाजाची पातळी वाढवायला गेलो तर वाढायला जागाच नव्हती, कारण धपक्याची शिखरं आधीच टोकाला टेकलेली. टॅबचा छोटा स्पीकर खालचे सूर तसेही नीट वाजवत नाही. म्हणजे जो धपका ऐकूच येणार नाही तो सगळी जागा अडवून बसला होता. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०० हर्ट्झच्या खालचे सूर कापले, कंप्रेसरनं शिखरं दाबली, मग एकूण पातळी वर आणली. मोनो ठेवलं. एका बारक्या स्पीकरवर डावं-उजवं करून काय मिळणार?

यानंतर मालकांनी दोन गोष्टी मागितल्या. एक बरोबर होती, एक नव्हती.

बरोबर ती: सगळे प्रकार करकरत नाहीत. मग "चाल ऐका" हे बटण सगळीकडे कशाला? आम्ही सोयीसाठी एकच घटक सगळ्या पडद्यांवर टाकला होता. मालक म्हणाले, जो वाजत नाही त्याच्यावर बटण ठेवलंत तर गिऱ्हाईक घरी जाऊन मला शिव्या घालील. बटण आता प्रकारागणिक दिसतं किंवा लपतं.

दुसरी मागणी अशी की कुणी टॅबसमोरून गेलं की त्यानं आपोआप करकर करावी, म्हणजे लोक वळून बघतील. क्रोम २०१८ पासून, माणसानं पानाला हात लावल्याशिवाय, आवाजासकट काही आपोआप वाजू देत नाही. त्यामुळे ब्राउझरमधल्या प्रोटोटाइपमध्ये ते होणार नव्हतं. इथे "फिग्मात जमत नाही" म्हणून विषय मिटवता आला असता, आणि तेच चुकीचं ठरलं असतं, कारण अँड्रॉइडच्या स्वतंत्र ॲपला ती बंदी नाही. तिथे ते सहज जमेल. म्हणून नकार द्यायचा तर तो खऱ्या कारणानं द्यायला हवा होता. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांसकट सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या, डब्ल्यूसीएजी निकषांत तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप वाजणाऱ्या आवाजाला थांबवायची सोय हवी असं सांगितलंय. ते मालकांना फारसं पटलं नाही. पटलं ते गल्ल्यावर बसणाऱ्या वहिनींचं बोलणं: "सकाळपासून रात्रीपर्यंत हेच कानाशी करकरणार असेल तर मी घरी बसते." विषय संपला.

प्रोटोटाइपमध्ये टिचकी आणि आवाज यांत किंचित वेळ जातो. मालकांच्या ते लगेच लक्षात आलं: "मागनं येतोय." तो दोष लपवलेल्या चित्रफितीचा, ॲपचा नव्हे. आवाजाच्या थराचं नाव "सोंग-चाल" असं पडलं आणि त्याच्या टिपणीत डेव्हलपरसाठी लिहिलं: चित्रफीत वापरू नये, आवाजाची वेगळी फाइल सोबत आहे, ती आधीच मेमरीत चढवून ठेवावी. अँड्रॉइडमध्ये छोट्या आवाजांसाठी साउंडपूल नावाची सोय आहे, तीच इथे योग्य.

चित्रफीत: सहा मिनिटं कोण बघणार?

पुतण्याकडे चप्पल घडवण्याची सहा मिनिटांची चित्रफीत तयार होती, मागे गाजलेलं सिनेमातलं गाणं लावलेलं. गाणं पहिल्या झटक्यात काढलं. त्याचे हक्क आपल्याकडे नाहीत आणि दुकान हे सार्वजनिक ठिकाण आहे. नंतर मामांना विचारलं, चेहरा दिसलेला चालेल का? ते म्हणाले, हात दाखवा, तोंड नको. मग चित्रफितीचे छोटे तुकडे केले: रापीनं कातडं सोलणं, आरीनं भोक पाडून वादी ओवणं, वेणी विणणं, कान बसवणं. प्रत्येक तुकडा दहा-बारा सेकंदांचा. माप येईपर्यंत माणूस एखाद-दोन तुकडे बघतो, आणि तेवढं पुरेसं आहे.

आयफोनची मूळ फाइल एचईव्हीसी या चित्रफितीच्या प्रकारातली. ती प्रत्येक ब्राउझरमध्ये चालेलच असं नाही. शिवाय फोन फ्रेमचा वेग मध्येच कमी-जास्त करतो, त्यानं ठरलेल्या सेकंदाला लावलेल्या खुणा घसरतात. हँडब्रेक या चित्रफिती बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सगळे तुकडे एच.२६४ या प्रकारात आणि स्थिर वेगात आणले, टॅबच्या रुंदीपेक्षा मोठे ठेवले नाहीत. गिफ करावं असा एक विचार पुढे आला होता. तो टिकला नाही. गिफला २५६ रंगांचीच मुभा, आणि कातड्याच्या पोतावर त्या मर्यादेनं पट्टेच पट्टे उमटतात. वजनही एमपी४ च्या कितीतरी पट.

मजकूर चित्रफितीतच कोरायचा नाही, हे आम्ही आधीपासून ठरवलं होतं. दुकानात मराठीइतकेच कन्नड आणि हिंदी बोलणारे लोक येतात. फिग्मात चित्रफीत ठरावीक सेकंदाला पोहोचली की कृती घडवता येते, त्यावर मजकुराचे थर बदलत ठेवले. चौथ्या सेकंदाला "बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं", नवव्या सेकंदाला पुढची ओळ. हेही सोंगच. खऱ्या ॲपसाठी तीन भाषांतल्या वेगळ्या मजकूर-फाइली वेळेसकट दिल्या.

सुरुवातीच्या पडद्यावर वेणी विणण्याचा तुकडा मुका, फेऱ्या घेत चालतो, आणि कोपऱ्यात थांबवायचं बटण आहे. पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणाऱ्या गोष्टीला ते हवंच.

एका गोष्टीवरून प्रोटोटाइप जवळजवळ नापास झाला होता. मालकांच्या भावानं दुकानात तो उघडला, फोनच्या हॉटस्पॉटवर, आणि चित्रफिती यायला वेळ लागला. निवाडा तिथल्या तिथे झाला: "हे चालत न्हाई, लई स्लो हाय." ॲपमध्ये सगळ्या फाइली टॅबमध्येच असणार होत्या, नेटचा संबंधच नव्हता. पण हे तोंडानं सांगून पटत नाही. आम्ही तेच तुकडे टॅबच्या गॅलरीत टाकून एकामागून एक चालवून दाखवले. भाऊ म्हणाले, "मग हे आधी दावायचं की."

हवाली करताना

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. डेव्हलपरच्या तासांना पैसे पडतात, म्हणून कोणतं सोंग कुठे आहे ते तिला शोधावं लागू नये एवढीच काळजी घेतली. फिग्माच्या फाइलला एक वेगळं पान जोडलं. त्यात प्रत्येक "सोंग" थराचं नाव, प्रोटोटाइपमध्ये काय दिसतं आणि ॲपमध्ये काय व्हायला हवं, असे तीन रकाने. फोटो आम्हीच दीडपटीनं एक्स्पोर्ट करून दिले. फिग्मा चित्रफीत किंवा आवाज एक्स्पोर्ट करत नाही, म्हणून त्या मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये, थराच्या नावाशी जुळणाऱ्या नावांनी ठेवल्या. नावं रोमन अक्षरांत. थर देवनागरीत असले तरी चालतात, पण अँड्रॉइड ॲपमधल्या रिसोर्स फाइलींच्या नावांना छोटी रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषाच लागतात.

तिचा एकच प्रश्न परत आला, आणि तो नेमका होता: नव्या-जुन्या जोडाचे फोटो बोटानं सरकवून पालटायचे की शेजारी-शेजारी ठेवायचे? प्रोटोटाइपमध्ये ते सरकत होते, पण आम्ही त्यावर "सोंग" लिहिलं नव्हतं. सरकवणंच हवं होतं, तसं कळवलं, आणि पानावर उलट खूणही वाढवली: जे मुद्दाम तसंच ठेवायचंय त्यापुढे "खरं".

आता टॅब गल्ल्याशेजारी आहे. मालकांना हेच फोनवरच्या वेबसाइटसाठी हवं आहे. तिथे "चाल ऐका" ठेवायचं की नाही यावर अजून वाद चालू आहे. पुतण्या म्हणतो, बसमध्ये बसून कोण ऐकतंय. मालक म्हणतात, बसमध्येच ऐकतात, बाजूच्याला ऐकवतात. आम्ही बटण ठेवून, आवाज बंद असलेल्या फोनवर काय दिसावं याचा पडदा आधी करायला घेतलाय.